रामकृष्ण हरी म्हणजे हो नव्हे

कुलदीप अर्धा तास बोलत होता, पण त्याला बोलता येत नव्हतं. उद्धवराव गरडांनी हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं आणि मनातल्या मनात त्याला खाली बसवलं. तीस वर्षं कीर्तनात टाळ घेऊन मागं उभा राहिलेला माणूस तो. पुढं उभ्या राहिलेल्याचं पाणी किती खोल आहे, हे त्याला पहिल्या वाक्याला कळायचं. कुलदीपचं पाणी घोट्यालासुद्धा लागत नव्हतं.

गळ्यात लाल टाय, हातात दोन फोन, आणि दर वाक्याच्या शेपटाला "बरोबर ना, सर?" बँकेनं घरासाठीचं कर्ज मंजूर केलं, त्याच दिवशी त्याच शाखेत हा विम्याचा माणूस समोर येऊन बसला होता.

"सर, सुखी सदन कवच. फुल कव्हर. घर सेफ, फॅमिली सेफ. बरोबर ना, सर?"

"आमाला पुराचा विमा पायजे," उद्धवराव म्हणाले. "घर सांगवीत हाय. तळमजला. दोन गल्ल्या ओलांडल्या की नदी."

"नावातच सदन आहे, सर. सदन म्हणजे घर. घराचं कवच. अजून काय पाहिजे?"

शेजारी बसलेल्या सोजरबाईंनी पदर सारखा केला. "अवं दादा, धरणाचं पाणी सोडल्याव ते नाव वाचून मागं फिरतंय का?"

कुलदीप हसला. न ऐकता हसणाऱ्यांचं जसं असतं, तसं. मग त्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, उद्या सरांना काही झालं तर? तुम्ही काय करणार? मुलीनं काय करायचं?"

उद्धवरावांच्या कपाळावर आठी पडली. असले बुवा त्यांनी पाहिले होते. निरूपण जमत नाही, मग माणसांना रडवायचं. आई आठव, बाप आठव, मरण आठव. मांडव मुसमुसतो आणि घरी जाताना कुणाच्या हातात काही नसतं. त्यांच्या मंडळाचे बुवा असल्यांना ओसरीवर उभं करत नसत. बुवांचा एकच नियम होता. बोललात ना? मग प्रमाण द्या. संतांच्या वचनात ते कुठं आहे, ते म्हणून दाखवा. प्रमाण आलं की टाळकरी ते उचलणार, मृदंग त्याला हात देणार, आणि मगच गाडी पुढं. प्रमाण नाही तर ती नुसती बडबड.

पण ही बँक होती आणि इथं कोण कुणाला प्रमाण मागतो? शिवाय कुलदीपनं शेवटचं अस्त्र काढलं होतं. "हे नाही घेतलं तर फाईल अडकेल, सर. प्रीमियमचं टेन्शन नाही, तो कर्जातच धरला जातो. तुम्हाला कळणारपण नाही."

उद्धवरावांनी सही केली, ती त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "येड्याला चालसुद्धा धरता येत न्हाई."

"त्येची चाल मरू द्या," सोजरबाई म्हणाल्या. "त्यात पाणी हाय का, तेवढं बघितलं का तुमी?"

"हाय म्हनला की."

"म्हनला कुठं? हसला त्यो."

सोजरबाई उगाच टोचत नव्हत्या. गरडांचं कुटुंब परंडा तालुक्यातून इकडं आलं त्याला सव्वीस वर्षं झाली होती. उद्धवराव आधी भोसरीत, मग चाकणला, पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या कंपनीत. संसार मात्र सगळा सांगवीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. त्या खोल्यांत मागं एकदा नदी आली होती. गुडघाभर पाणी, दोन दिवस. गव्हाची कोठी आंबली, शिलाई मशीनची मोटर जळाली, आणि मंडळाचा पखवाज यांच्याकडं ठेवायला होता, त्याची चामड्याची पुडी फुगून भाकरीसारखी झाली. घरमालकानं भिंतींना चुना मारून दिला आणि हात झटकले. त्याच मशीनवर ब्लाउज शिवून सोजरबाईंनी मुलीचं, दिव्याचं, डिप्लोमाचं शिक्षण केलं होतं. आता स्वतःचं घर घ्यायचं, तर वरचा मजला त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हता आणि सांगवी सोडवत नव्हती. म्हणून तळमजला, आणि म्हणून एकच अट. पाण्याचा विमा पाहिजे. तो नसेल तर ही खरेदी म्हणजे जन्माची कमाई नदीच्या काठावर ठेवून यायची.

चार दिवसांनी खातरजमेचा फोन आला. उद्धवराव फर्स्ट शिफ्ट सुटून कंपनीच्या बसमध्ये बसले होते. बस मोशीजवळ ट्रकांच्या रांगेत रुतली होती. शेजारी भैरू, त्यांच्याच खात्यातला, खिडकीला डोकं टेकून पेंगत होता.

फोनवर एक बाई कागदावरचं वाचत होती. आवाजाला ना चढ ना उतार. "आपण या योजनेसाठी स्वेच्छेने अर्ज केला आहे, बरोबर?" आणि मग थांबली.

आता इथं काय झालं, ते टाळकऱ्यालाच कळेल. बुवा बोलता बोलता थांबतात, ती टाळकऱ्यांची जागा. ती मोकळी सोडायची नसते. तीस वर्षांत उद्धवरावांनी अशी एक जागा मोकळी सोडली नव्हती. तोंडातून आपोआप निघालं, "रामकृष्ण हरी."

बाई पुढं वाचू लागली. थांबली. "रामकृष्ण हरी." पुन्हा वाचलं, पुन्हा थांबली. "रामकृष्ण हरी." उद्धवरावांचं तिच्याकडं लक्षही नव्हतं. ही काय वाचायची पद्धत, असं त्यांना वाटत होतं. शब्द गिळते काय, वाक्याच्या मध्येच श्वास घेते काय. ऐकण्याच्या लायकीचंच नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकलं नाही. फोन संपला तेव्हा बस दोन ट्रकांएवढी पुढं सरकली होती.

भैरूनं एक डोळा उघडला. "कोण बुवा हुतं, राव?"

"बुवा कसलं. विमेवाली व्हती. रडगाणं नुसतं."

पॉलिसीची कागदपत्रं आठवड्याभरानं आली. सोजरबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण कागद वाचायच्या तर प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. त्यांनी जेवणं झाल्यावर चटईवर बसून सगळी पानं वाचली. मधून मधून दिव्याला एखादा शब्द विचारला. मग चष्मा काढला.

"ह्यात पाणी न्हाई."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं. आग न्हाई, पाणी न्हाई, भिंत न्हाई, दार न्हाई. ह्यात फकस्त तुमी हाव. तुमी मेलाव तर बँकेचं कर्ज फिटंल, असं हाय." त्यांनी कागद चटईवर ठेवले. "म्हंजी पूर आला की आधी तुमी बुडायचं. मग घर वाचतंय."

दिव्या हसली, आणि आईचा चेहरा बघून गप्प झाली. सोजरबाईंनी कोपऱ्यातल्या मशीनकडं बघितलं. नवी मोटर बसवलेली ती मशीन अजून विटांवर चढवून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी सुट्टी टाकली. शाखेत कुलदीप त्यांना बघून उठलासुद्धा नाही.

"सर, आता काय करणार? तुम्ही फोनवर होकार दिलाय. सगळं रेकॉर्ड आहे."

"म्या पुराचा विमा मागितला व्हता."

"आणि फोनवर विचारलं तेव्हा हो म्हणालात. लोक आधी हो म्हणतात, मग घरी जाऊन बायकोचं ऐकतात. बरोबर ना, सर?"

"बायकोचंच ऐकलं असतं तर तुज्या दारात आलो नसतो," उद्धवराव म्हणाले. आवाज जरा चढला होता. दारावरचे सुरक्षारक्षक रंगराव दोन पावलं पुढं आले आणि आतल्या काचेच्या खोलीतून प्राजक्ता मॅडम बाहेर आल्या. ग्राहकांच्या तक्रारी त्या बघत. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, मग कुलदीपला म्हणाल्या, "लावा ते रेकॉर्डिंग."

कुलदीपनं मोठ्या रुबाबात फोन टेबलावर ठेवला.

"हा जीवन विमा असून आग, पूर अथवा भूकंपामुळे घराचे होणारे नुकसान यात समाविष्ट नाही, हे आपल्याला समजले आहे का?"

मागं ट्रकाचा हॉर्न. मग उद्धवरावांचा आवाज, पहाडी, शांत. "रामकृष्ण हरी."

रंगरावांनी तोंडावर हात धरला. प्राजक्ता मॅडमनी भुवया उंचावल्या. "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"मॅडम, हो या अर्थानंच म्हणतात ना ते," कुलदीप म्हणाला.

उद्धवराव त्याच्याकडं वळले. "राहतोस कुठं?"

"देहूरोडला. का?"

"देहूरोडला राहून तुला रामकृष्ण हरी म्हंजी काय ते ठावं न्हाई? आरं, माणूस भेटला की रामकृष्ण हरी. निघाला की रामकृष्ण हरी. जेवाण झालं, कीर्तन संपलं, कुणी गेलं, रामकृष्ण हरी. तुज्यासारखा समोर आला आन् बोलायची इच्छा सरली, तरी रामकृष्ण हरीच. पण विम्याला हो म्हनायला कुणी देवाचं नाव घेत न्हाई, लेकरा. त्येला हो म्हंत्यात. एक अक्षर हाय, तेवढंबी तुज्या बाईनं मागून घेतलं न्हाई."

रंगराव आता उघड हसत होते. कुलदीपचा चेहरा टायच्या रंगाचा झाला होता.

पण रेकॉर्डिंग चालूच होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही. प्रश्न, थांबणं, रामकृष्ण हरी. प्रश्न, थांबणं, रामकृष्ण हरी. उद्धवरावांनी मोजलं नाही, पण आठनऊदा तरी आलं असेल. आपलाच आवाज ऐकताना त्यांच्या अंगातला जोर उतरत गेला. ती बाई वाईट वाचत होती, पण खरं वाचत होती. पूर नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. तिला तुच्छ लेखून कान बंद करणारे आपण, आणि बंद कानावर शिक्का म्हणून मारलं कुणाचं नाव? बुवांसमोर असा बेसावध टाळ वाजवला असता तर त्यांनी मागं वळून नुसतं बघितलं असतं. तेवढं पुरलं असतं.

"बंद करा ते," उद्धवराव हळू म्हणाले.

प्राजक्ता मॅडमनी फोन बंद केला. "काका, त्याचा अर्थ काहीही असो. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ही पॉलिसी परत करता येते. यांनी सांगितलं नव्हतं?"

"ह्यांनी सांगितलं की फाईल अडकंल."

मॅडमनी कुलदीपकडं नुसतं बघितलं. तो दोन्ही फोन उचलून तिसराच कुणाचा तरी फोन आल्यासारखा बाहेर गेला. त्या म्हणाल्या, "विमा कुणाकडून घ्यायचा, ते तुम्ही ठरवायचं. घराचा वेगळा विमा असतो. त्यात भिंती वेगळ्या धरतात, सामान वेगळं. दोन्ही मागा. आणि पूर हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय सही करू नका." त्यांनी अर्ज पुढं सरकवला. "इथं परत करण्याचं कारण लिहा."

उद्धवरावांनी पेन घेतलं, विचार केला, आणि शिस्तीत लिहिलं: प्रमाण नाही.

"एवढंच?"

"ह्याच्या आत सगळं आलं, ताई."

महिन्याच्या आतच दुसरा फोन आला. या वेळी विमा दुसऱ्या कंपनीचा होता, तिघांनी मिळून निवडलेला. उद्धवराव घरीच होते. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकून चटईवर ठेवला. समोर सोजरबाई, मांडीवर कागद, नाकावर चष्मा.

"पुरामुळे होणारे इमारतीचे आणि घरातील सामानाचे नुकसान या पॉलिसीत समाविष्ट आहे, हे आपल्याला समजले आहे का?"

फोनवरची मुलगी थांबली. टाळकऱ्याची जागा आली. उद्धवरावांच्या ओठांपर्यंत ते आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"प्रमाण द्या," ते म्हणाले.

"काय, सर?"

"कुठं लिवलंय? पान सांगा, ओळ सांगा."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. जरा वैतागलेला उसासा. "पान चार, सर. वरून तिसरा मुद्दा."

सोजरबाईंचं बोट पान चारवर खाली सरकत गेलं आणि थांबलं. "पूर," त्यांनी वाचलं. बोट पुढं गेलं. "सामान." मग विटांवरच्या मशीनकडं एकदा बघून त्यांनी नवऱ्याला मान हलवून खूण केली.

"हो," उद्धवराव म्हणाले.

असे सहा प्रश्न झाले, सहा पानं झाली. मुलीचा आवाज शेवटी पार दमून गेला होता. "धन्यवाद, सर. आपला दिवस शुभ जावो."

"रामकृष्ण हरी," उद्धवराव मनापासून म्हणाले.

"सर, हे हो समजू का?" पलीकडून आलं.

"न्हाई, बाई," सोजरबाई फोनकडं वाकून म्हणाल्या. "ह्ये फोन ठिवत्यात, असं समजा."