सुपरवायजरचा वरण-भात

"सोड आता ती जागा," मोरू बोलला, आणि बोलल्या बोलल्याच त्याला कळलं की आजचा दिवस काही सुखाचा जायचा नाही.

सरस्वती ओटीवर बसली होती. उजवा हात गरम पाण्याच्या टोपात. काल बाजारात पाटीतली मासळी निवडताना शिंगाला माशाचा विषारी काटा तळव्यात घुसलेला, आणि हात मनगटापर्यंत टम्म सुजलेला. डॉक्टरनं सुई टोचली आणि आठ दिवस कोयत्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"जागा सोड म्हंजे?" तिनं शांतपणे विचारलं.

"म्हंजे काय म्हंजे. गावदेवीनंच तुझा हात धरला असा समज. सुपरवायजरची बायको डोंबिवलीच्या बाजारान पाटी घेऊन बसतं, ह्या काय शोभतं? लोकां काय बोलतान?"

"लोकां बोलतान, 'सरसू, सुरमई कशी दिली?'"

मोरू उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. समोर ओहोटीनं खाडी पार आत ओढली गेलेली, तिवरांच्या मुळाशी काळा चिखल उन्हात तडकत होता. ह्याच चिखलात त्याच्या बापानं जन्मभर जाळं टाकलं. मग वरून कारखान्यांचं पाणी आलं, बोय मासे गेले, चिखलातल्या निवट्या गेल्या, होडी उलटी पडली ती पडलीच, आणि कोपरच्या खाडीकाठचा मोरू तांडेल पाच वर्षांपूर्वी विमानात बसून दोहाला गेला. आता तो रजेवर घरी आला होता. गाव त्याला दुबईवाला म्हणायचं. अरबांचा मुलूख म्हणजे सगळी दुबई, असा गावाचा भूगोल होता, आणि मोरूनं तो कधी सुधारला नाही. आपल्या फायद्याचा गैरसमज तसाच राहू द्यायची त्याला सवय होती.

गावात सांगितलेलं असं की मोरू कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायजर आहे. खरं असं होतं की मोरू एका मॉलच्या मासळीच्या काउंटरवर, डोक्याला जाळीची टोपी आणि पोटाला प्लॅस्टिकचं एप्रन बांधून सकाळपासून मासळी कापायचा. बर्फ होता, म्हणून कोल्ड म्हणायला हरकत नव्हती. सुपरवायजर मात्र एक केरळचा पोरगा होता आणि तो मोरूलाच ओरडायचा.

हे सांगायची सोय नव्हती. कोळ्यांत बाप्यानं मासळी धरायची, बाईनं कापायची आणि विकायची. कोयता घेऊन बसलेला बाप्या गावानं पाहिला की शिमग्याच्या बोंबा वर्षभर पुरतात. म्हणून पगार झाला की मोरू शुक्रवारी रांगेत उभा राहून घरी पैसे टाकायचा, मग टोपी काढून, हात साबणानं तीन-तीनदा धुऊन, मॉलच्याच वरच्या मजल्यावर फर्निचरच्या दुकानात जायचा आणि तिथल्या सोफ्यावर रेलून घरी व्हिडीओ कॉल लावायचा. दुकानातला पोरगा ओळखीचा होता. पण दुकान होतं, सोफे विकले जायचे. एकदा प्राप्तीनं, त्याच्या लेकीनं, विचारलंच, "पप्पा, तुमचा सोफा दर महिन्याला वेगला कसा?"

"कंपनी बदलते," मोरू म्हणाला. गावात बातमी गेली की मोरूची कंपनी दर महिन्याला नवा सोफा देते. तेव्हापासून गावदेवीच्या जत्रेची पावती त्याच्या नावानं फाडताना कार्यकर्त्यांचा हात मोठा आकडा टाकायला सैल सुटला.

आणि त्या सोफ्यावरून तो दर महिन्याला बायकोला एकच फर्मावायचा. "पैसे टाकलं गो. आता ती जागा सोड." स्वतः दिवसभर मासळी कापून आलेला माणूस बायकोला सांगायचा की मासळी विकणं आपल्याला शोभत नाही. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात. मोरू तर उंटांच्या देशात जाऊन हाकत होता.

"आठ दिस जागा रिकामी ऱ्हायली तं शेजारच्या मालनची पाटी तिथं येल," मागून सरस्वती बोलली. "आताच ती रोज टीचभर सरकतं. तुमच्या आयशीची जागा हाय ती. तिनं मना दिली."

"येऊ दे मालनला. मी पैसे धाडताव ना महिन्याच्या महिन्याला."

सरस्वतीनं टोपातून हात वर काढला. "दुसऱ्या वर्साला धाडलंव?"

दुसऱ्या वर्षी कंपनीनं पगार लटकवला होता. चार महिने रुपया आला नाही. मोरूनं घरी सांगितलं होतं की बँकेचा सर्व्हर बंद पडलाय. चार महिने सर्व्हर बंद, आणि सरस्वती प्रत्येक फोनला नुसतं बरं म्हणायची. प्राप्तीच्या क्लासची फी, घराच्या वरच्या मजल्याच्या कर्जाचा हप्ता, सगळं त्या चार महिन्यांत हाताएवढ्या जागेवरून निघालं. तिनं ते कधी काढलं नव्हतं. आज काढलं.

"प्राप्तीला बसवली असती," ती म्हणाली, "पन तिची बारावीची परीक्षा चाललीय. तुमी बसा."

"मी?"

"नुसता बसा. टेंपोवाला माल टाकल. अख्खी मासली जाल तशी जाऊ दे. कापाला लागली तं मालनकडं द्या. जागेवर आपला मानूस दिसला पायजे, बास."

मोरूला घाम फुटला. तिला वाटलं, लाजेनं. लाज होतीच, पण खरी भीती त्याला आपल्या हातांची होती. तोंडाला खोटं बोलायला शिकवता येतं, हाताला कोण शिकवणार?

*

बाजारात मोरू इस्त्रीचा शर्ट, दोहाचं घड्याळ आणि तोंडाला मास्क असा अवतार करून बसला. मास्क कशाला, तर कोणी ओळखू नये म्हणून. बसल्या बसल्या चारी बाजूंनी हाका आल्या, "अगो बाय, मोरूभाऊ आयला!"

मालननं आपली पाटी टीचभर मागं घेतली. "सायेब, तुमाना खुर्ची मागवू का? सोफा तं नाय आमच्याकडं."

बायका हसल्या. मोरूही मास्कच्या आत हसला. हसण्यावारी न्यायचं असं त्यानं ठरवलंच होतं.

तासभर कोणी फिरकलं नाही. घड्याळवाल्या माणसाकडून मासळी घ्यायला गिऱ्हाईक बिचकत होतं. मग चित्राबाई आल्या. डोंबिवलीच्या जुन्या रहिवासी, शाळेतून रिटायर झालेल्या, आणि मोरूच्या आईपासूनच्या गिऱ्हाईक. दर रविवारी त्यांची पिशवी सरस्वतीपुढं यायची.

"सरस्वती कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मोरूनं हाताचं सांगितलं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, "मग ती सुरमई द्या बघू. केवढ्याला?"

सरस्वतीनं सांगितलेला भाव मोरूनं सांगितला. चित्राबाई सवयीनं त्याच्या निम्मा बोलल्या.

"ओके," मोरू म्हणाला.

मालननं कपाळावर हात मारून घेतला. चित्राबाईही बावरल्या. घासाघीस करायला आलेल्या बाईला एकदम हो म्हटलं की तिला मासळीचाच संशय येतो. त्यांनी कल्ले उघडून बघितले, डोळे दाबून बघितले, मग स्वतःच भाव थोडा वाढवून दिला आणि म्हणाल्या, "बरं, कापून द्या. लवकर. दुपारी जेवायला व्याही यायचेत."

मोरूनं सुरमई मालनपुढं धरली. मालननं आपले हात फडक्याला पुसले आणि मांडी आणखी ऐसपैस घातली. "मना सवड नाय भाऊ. सुपरवायजरनी बगावा."

"मग राहू दे," चित्राबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "मी पुढे त्या कोपऱ्यातल्या बाईकडून घेते."

आता बघा, गेलेलं गिऱ्हाईक एक रविवार गेलं तर चालतं. पण कोपऱ्यातली बाई काही कच्ची नव्हती. तिनं एकदा चार कोळंब्या वर टाकल्या की चित्राबाई परत ह्या जागेवर यायच्या नाहीत. आईनं जोडलेलं, बायकोनं जपलेलं गिऱ्हाईक मोरूच्या डोळ्यांदेखत पाठ फिरवत होतं. मोरूनं मास्क खाली ओढला.

"थांबा मॅडम."

कोयता त्याच्या हातात आला आणि पुढचं त्याला विचारावं लागलं नाही. कल्ले-पर दोन हातांत निघाले. पोट उघडलं, आतलं एका बोटानं साफ बाहेर. मग ओंडक्यावर सुरमई आडवी पडली आणि कोयता खट खट खट चालला. तुकड्या अशा पडल्या की एकीवर दुसरी ठेवली तर कड जुळावी. भाव सांगताना अडखळलेली जीभही आता मोकळी सुटली.

"फ्राय कट, करी कट, मॅडम? स्किन ऑन?" आणि वर न बघताच, "नेक्स्ट!"

शेजारच्या बाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

मोरूनं शेवटी मॉलच्या सवयीनं सुरमईचं डोकं उचललं आणि मागच्या मागं भिरकावलं. ते नेमकं मांजरापुढं पडलं.

"अहो, डोकं टाकलंत?" चित्राबाई कळवळून ओरडल्या. "कालवण कशाचं करू मी?"

मालन उठून उभी राहिली. तिनं मोरूकडं बघितलं, ओंडक्याकडं बघितलं, आणि त्याची बोटं धरून उलटीसुलटी केली. डाव्या हाताच्या बोटांवर कोयत्याच्या बारीक बारीक जुन्या खुणा होत्या. तिच्या स्वतःच्या बोटांवर होत्या तशाच.

"अगो बायांनू," ती सावकाश बोलली, "ह्यो सुपरवायजर नाय. ह्यो आपल्यातलाच हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मोरूची मूठ बाजारात उघडली आणि त्यात निघाला खवला. मोरू दुपारपर्यंत मान खाली घालून कापत राहिला, कारण आता दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि गिऱ्हाईक हटेना. बायका त्याच्यापुढं रांग लावून उभ्या राहिल्या. डोकं मात्र त्यानं एकही टाकलं नाही.

*

रिकामी पाटी घेऊन मोरू घरी निघाला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. नाक्यावरच्या पोरांनी "नेक्स्ट!" अशी आरोळी ठोकली. मोरूनं पाटी डोक्यावरून काखेत घेतली, मग परत डोक्यावर घेतली. कुठंही ठेवली तरी ती दिसत होतीच.

सरस्वती ओटीवरच होती. त्यानं पाटी उतरवली, पैसे तिच्या पुढ्यात ठेवले आणि भिंतीला टेकला.

"मालनचा फोन आयलता," ती म्हणाली.

"हां."

"जेवून घ्या."

प्राप्तीनं ताट आणलं. ताटात वरण-भात, लिंबाची फोड आणि पापड. मोरूनं ताटाकडं बघितलं. दोहाहून पहिल्यांदा रजेवर आला तेव्हापासून तो घरी हेच मागायचा. पापलेटाचा तुकडा पुढं आला तरी बाजूला सारायचा. गाव म्हणायचं, मोरू दुबईला जाऊन बामण झाला. मोरूलाही ते बरं वाटायचं, साहेबाला शोभण्यासारखं होतं.

"तुला राग नाय आला?" त्यानं विचारलं.

"आज कशाला येल? मना तं पयल्याच रजेला समजलंता."

"कसा?"

"दिसभर मासली कापनारा मानूस घरी येऊन वरण-भात मागतं," सरस्वती म्हणाली. "लगीन होऊन आली तवा तुमची आय बाजारातून आली की हाच मागायची. आता मीबी मागताव. तुमी कवा बगितलाव काय माज्या ताटान?"

मोरूनं कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको संध्याकाळी काय जेवते हे त्याला माहीत नव्हतं.

"मंग बोलली का नाय?"

"तुमाना लाज वाटत व्हती. म्हटलं, असू दे, परमुलखात मानसाला तेवढा तरी मोठेपना पायजे." तिनं सुजलेला हात मांडीवर घेतला. "पन माझं काळीज एकाच गोष्टीला जलायचं. ज्या कामाचं पैसं धाडायचंव, त्याच कामाची माज्यापुढं लाज काढायचंव. दर महिन्याला. तवा वाटायचं, ह्यो माझीच लाज धरून बसलाय."

मोरूला बोलायचं खूप होतं, पण त्याच्याकडं सोफ्यावरची भाषा होती आणि काउंटरवरची होती, ह्या कामाची एकही नव्हती. त्यानं भात कालवला, पहिला घास तिच्या तोंडापुढं धरला. तिचा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून तिनं तो खाल्ला, असं नंतर ती म्हणाली.

मग आठही दिवस मोरू बाजारात बसला, आणि उरलेली रजा संपेपर्यंतही बसला. मालननं त्याला घासाघीस शिकवली. त्यानं मालनला फ्राय कट शिकवला. तिची पाटी टीचभर सरकायची राहिली नाहीच, पण आता मोरू ती टीचभर मागं ढकलायला शिकला होता.

परत गेल्यावर पहिला पगार झाला. मोरूनं रांगेत उभं राहून पैसे टाकले आणि वर सोफ्याकडं न जाता तसाच काउंटरवर येऊन उभा राहिला. टोपी, एप्रन, मागं बर्फ. तिकडं डोंबिवलीत फोन पाटीला टेकवून ठेवलेला, आणि त्याच्यावर बाजारातल्या सगळ्या बाया वाकलेल्या.

"कल्ला दाव त्या पापलेटाचा," मालननं हुकूम सोडला. मोरूनं दाखवला. "शी. चार गावांची जत्रा करून आयलाय ह्यो."

सरस्वतीनं फोन ओढून घेतला. तिच्या हाताची सूज उतरली होती, कोयता हातात होता.

"पैसे टाकलं गो," मोरू सवयीनं बोलला. "आता..." आणि जीभ चावली.

सरस्वतीनं त्याला टोपीपासून एप्रनपर्यंत नीट निरखलं. तोंड अगदी गंभीर केलं.

"पोचलं पैसं," ती म्हणाली. "आता ती नोकरी सोडा. आईच्या जागंवर निम्मी बाजू तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय. बाजारवाल्या बायकोच्या नवऱ्यानं परमुलखान जाऊन मासली कापायची, ह्या काय शोभतं? लोकां काय बोलतान?"