डावीकडचे ठिपके

वासिल हनातिशिन बर्फावरच्या हॉकीत आमचा गोलरक्षक. शिसं गाळणाऱ्या कारखान्याच्या संघात अकरा हिवाळे खेळला, तेही बिनपगारी. बदल्यात भट्टीऐवजी गोदामातलं काम मिळालं, एवढाच काय तो हौशी खेळाडूचा मान. त्रेपन्न साली मात्र अंतिम सामना जिंकणारा संघ कॅनडाच्या वतीनं युरोपला जाणार होता. वासिल पस्तिशीचा. पुढची संधी त्याच्या नशिबात नव्हती.

चकती कुठून जाळ्यात गेली तिथे प्रशिक्षक डुगल्डसाठी वहीत ठिपका द्यायचा, हे माझं काम. जानेवारीअखेर पाहिलं, तर चौदा ठिपक्यांपैकी बारा वासिलच्या डाव्या हाताला.

"काय रे, डावी बाजू भाड्यानं दिलीस की काय?" मी कपडे बदलायच्या खोलीत चिडवलं.

तो हसला नाही. दार लावून घेतलं. "नोव्हेंबरात डाव्या डोळ्याला चकती लागली ना, तो गेलाय. नुसतं धुकं दिसतं. डुगल्डला सांगू नकोस."

"अरे, दुसराही गेला तर?"

"त्याचं मी बघतो. मला एकदा त्या युरोपच्या बोटीत बसू दे, बाबा."

मी सहा ठिपके खोडून उजवीकडे मांडले. स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी डुगल्डनं वही मागितली. बोटानं ठिपके मोजले. "उजवीकडूनच जास्त गळतंय की! मग ईव्होला डावीकडे कशाला अडकवून ठेवू?"

ईव्हो आमचा सगळ्यात दणकट बचावपटू. त्याला उजवीकडे हलवलं आणि मी वही परत खिशात घातली.

आम्ही पाच-चारनं हरलो. पाचही गोल डावीकडून. शेवटची चकती जाळ्यात गेली तरी वासिल समोरच बघत होता.

"झोपलास का रे, म्हाताऱ्या?" कुणीतरी ओरडलं.

स्केट्सही न काढता तो डुगल्डसमोर उभा राहिला. "माझा डावा डोळा गेलाय. नोव्हेंबरपासून. लपवला मी."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही."

मी तिथेच पेन्सिलीला टोक करत बसलो होतो.

सोमवारी त्याला भट्टीवर पाठवलं. पुढे बारा वर्षं पाळी बदलताना तो फाटकाशी भेटायचा. अख्खी मान वळवून माझ्याकडे बघायचा, बायकोचा गुडघा कसा आहे विचारायचा. वहीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. काढून चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.