अंगाऱ्याआधीची ओवी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, पण अमडापुरात त्या गुरुवारी राज्य भस्मगिरी महाराजांचं होतं. पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी जनकाबाईच्या जिभेला अंगारा लावला आणि फर्मावलं, "हं माय, म्हण तुही ओवी!" अंगावरून वारं गेल्यापासून दोन महिने जिला साधं 'हो' म्हणता येईना, ती बाई खणखणीत गायला लागली, "दळण सरलं बाई, पीठ सुपात दाटलं..." एकच जयजयकार झाला. नवरा शंकरराव तर ढसाढसा रडला.

"वाचा आली, पन कच्ची हाये," महाराज म्हणाले. "सव्वा वर्स घरात कोनी हिच्याशी बोलाचं नाही. एक शब्द सांडला का वाचा उडाली!"

मोठी सोयीची अट! बाई बोलली तर महाराजांची कृपा, नाही बोलली तर घरच्यांचं तोंड वाजलं.

सून कलाबाई पारापाशीच उभी होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "कधी बोलतील, किती बोलतील, याची तारीख कोणीच देऊ शकत नाही. पण सुरुवातीचे महिने मोलाचे. रोज बोला, बोलतं करा." आणि हे बाबा नेमके तेच महिने गिळायला निघाले होते. सासरे मान डोलवत होते. आता गप्प बसलं तर सासू कायमची मुकी राहील, या भीतीने ती पदर खोचून पुढे झाली.

"महाराज, अंगारा न लावता गायल्या तं?"

"शक्यच नाही! नरड्यात पिशाच बसून हाये."

कलाबाईने सासूचा धड हात धरला, जात्याचा खुंटा फिरवावा तसा गोल फिरवला आणि नव्या ओवीचे दोन शब्द म्हटले. पुढची ओवी जनकाबाईने सगळी म्हटली. अंगारा ताटात तसाच होता.

"रोज सकाळी मामाजी शेतात गेले का माह्यासंगं जात्यावर गातेत ह्या. शिधा मागाले आलेल्या तुमच्या चेल्यानं ओट्यावर बसून ऐकलं. मंग महाराजाले साक्षात्कार झाला!"

लोक खुसुखुसु हसले. कलाबाईने पाण्याचा लोटा सासूसमोर धरला. "आत्याबाई, हे काय?" जनकाबाईचे ओठ हलले, डोळे भरले. शब्द काही येईना.

कलाबाई सासऱ्यांकडे वळली. "पाह्यलं मामाजी? पाठ गानं मेंदूत वेगळ्या ठिकानी राह्यते. ते शाबूत हाये. शब्द मात्र आपल्यालेच शिकवा लागतीन. डॉक्टर म्हने, गान्याच्या चालीवर शिकवा."

"कोप होईन!" महाराज गरजले. शंकररावने तिकडे पाहिलंही नाही. त्याने लोटा घेतला आणि आपल्या फाटक्या आवाजात, ओवीच्या चालीवर, बायकोला 'पानी' म्हणून दाखवलं. दोनदा, पाचदा, दहादा. पोरंसोरं हसली तरी थांबला नाही.

"पा... नी," जनकाबाई म्हणाली.

लोकहो, गेलेली वाचा माणसांनी बोलून बोलूनच परत येते; थोडी येते, हळू येते. आणि आजारी माणसाशी बोलू नका असं जो सांगतो, त्याला चारचौघांत कारण तेवढं विचारा: काऊन?