गार कोपऱ्यातलं यंत्र

मापवाल्या बाईंचं डोकं पार चक्रावलं होतं. चाळीच्या वरच्या मजल्यावर घरोघरी त्यांनी तापमान मोजायची यंत्रं टांगली होती. पंधरा दिवसांचे दुपारचे आकडे कुठे अडतीस, कुठे एकोणचाळीस. आणि टोकाच्या खोलीत, जिच्या डोक्यावर तापलेला स्लॅब अन् पश्चिमेची उघडी भिंत, तिथे एकोणतीस! आता बोला! सरासरी तीनदा काढली, तरी तेच. गच्चीवर ऊन अडवणारा थर फक्त सगळ्यात तापणाऱ्या घरांवर बसणार होता आणि यादी आज संध्याकाळी जायची होती. एकोणतीसवाल्याला कोण विचारतो?

बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकलं तर नुसती भट्टी. पश्चिमेच्या भिंतीशी खाटेवर दम्याचे आजोबा तोंड उघडं टाकून धापा टाकत होते. आजी पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

"आजी, यंत्र बिघडलंय वाटतं."

"छे गं बाई! बिघडेल कसं? डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा. "अगं बाई! गेलं कुठे?"

आजींनी त्यांना मोरीलगतच्या कोपऱ्यात नेलं. पाण्याच्या माठाला टेकून, ओल्या फडक्याखाली यंत्र निवांत बसलं होतं.

"तिथे भिंतीला चटका बसतो हो. परक्याची नाजूक वस्तू. उन्हानं बिघडली असती तर आमचं नाव कापलं असतं ना तुम्ही?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. पहिल्या दिवशी 'आजी, जपा हं याला' असं त्यांनीच बजावलं होतं. जागेवरून हलवू नका, हे मात्र सांगायचं राहिलं होतं. तेवढ्यात फरशीवर चार गोल डाग दिसले.

"इथे काय होतं?"

"यांची खाट. घरात गार म्हणावी अशी हीच जागा. यांना म्हटलं, पंधरा दिवस कळ काढा, मग अख्खं घरच गार होईल."

 दोघींनी मिळून आधी खाट कोपऱ्यात ओढली. मग बाईंनी यंत्र खिळ्यावर अडकवलं. आकडा भराभर चढायला लागला. बत्तीस, पस्तीस, अडतीस. त्यांनी लगेच ऑफिसात फोन लावला. "यादी थांबवा. एक घर पुन्हा मोजायचंय. चूक माझी आहे."

आजोबांनी मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. धापा टाकतच त्यांनी विचारलं,

"पण तिथे... त्याला फार ऊन नाही ना लागणार?"