रामरावांचं मौन

आमच्या यजमानांना, म्हणजे रामरावांना, देवाने गळा दिला आणि ब्रेक द्यायचा विसरला. वडीगोद्रीच्या पंचक्रोशीत कुठलंही लग्न असो, माईकवर पाहुण्यांची नावं पुकारायला हेच. घरात माईक नसतो, पण त्यांना काही फरक पडत नाही.

चैत्रात हायवेवर गाडीखाली हरणी मेली. तिचं पाडस यांनी उचलून आणलं आणि वनखात्याला फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर तृप्तीताई आल्या. शेतातल्या गोठ्याला जाळी मारून घेतली, बकरीच्या दुधाची बाटली यांच्या हातात दिली आणि बजावलं, "दूध पाजा, पण बोलू नका मामा. माणसाची सवय लागली तर कळपात सोडता येणार न्हाई. मंग जन्मभर पिंजरा."

यांनी ते इतकं मनावर घेतलं की बोलणंच टाकलं. "गोठ्यात गप बसा, घरी बोला की," मी म्हणाले. यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'घरी सुटलो तर तिथंही सुटेन.' खरं सांगते, लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकी शांतता मला कधी लाभली नव्हती.

लोकांना मात्र चैन पडेना. ऐन लग्नसराईत रामराव गप्प, म्हणजे नक्की मौनव्रत! पंधरा दिवसांत घरी नारळ यायला लागले. शेजारची सोनूबाई तर नातीला घेऊन पाया पडली, "महाराज, हिचं जमू द्या यंदा." महाराज बाटली धुवत होते.

दोन महिन्यांनी सोडायचा दिवस आला. समोरच्या पडीत रानात कळप चरत होता. डॉक्टरांनी जाळी उघडली. पाडस बाहेर आलं, कळपाकडे बघितलं आणि सरळ येऊन यांची बोटं चाटू लागलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मामा, हे भीत न्हाई. पिंजऱ्यात न्यावं लागंल."

बांधावर दहा-बारा भक्त नारळ घेऊन उभे होते. यांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि दोन महिन्यांचा साठलेला आवाज एकदम सोडला. दुसरं काही सुचलं नाही, लग्नातल्या माईकवरचं जिभेवर होतं तेच आलं.

"समोरची मंडळी, जल्दी जागा मोकळी करा!"

पाडस जे उधळलं ते थेट कळपात जाऊन थांबलं. भक्तही पांगले. सोनूबाईचा नारळ हातातून सुटून दगडावर फुटला.

"जमलं मामा! बराबर भ्यालं!" डॉक्टर टाळ्या वाजवत होत्या.

हे मटकन खाली बसले. "एकदा बी वळून पाह्यलं न्हाई गं त्यानं," मला म्हणाले. मी समजूत काढायला म्हणून शेजारी टेकले आणि मलाच रडू कोसळलं.