माघारीची काठी

मी एक जुनी मेंढपाळाची काठी आहे आणि गेली कित्येक वर्षं मी अडकून पडले आहे. माझं अर्धं अंग खडकाच्या फटीत आहे आणि अर्धं बाहेर पावसात. माझ्याखाली खोल दरी आहे. बहुतेक दिवस समोर धुकंच असतं, त्यामुळे ती दरी रोज दिसत नाही, एवढंच काय ते सुख. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता ही रडगाणं गाणार. थोडं गाईनही. पण माझी गोष्ट पुरती ऐका आणि मग काय ते ठरवा.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बेन लीआ नावाचा एक करडा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी मी हेझलच्या झुडपात वाढले. फर्कर मॅक्रे नावाच्या मेंढपाळाने मला ऐन थंडीत तोडलं, कारण तेव्हा लाकडात रस कमी असतो. मग त्याने मला घराच्या आढ्याला टांगून चांगलं वाळवलं. मूठ कशाची करावी यावर तो पुष्कळ दिवस डोकं खाजवत बसला. अखेर त्याच्या कळपातला एक तापट एडका म्हातारा होऊन मेला. त्याचं शिंग तापवून, वाकवून, घासून फर्करने माझ्या डोक्यावर बसवलं. त्या एडक्याचा स्वभाव थोडा माझ्यातही उतरला असावा, असं मला राहून राहून वाटतं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. पळणारं कोकरू मुठीच्या आकड्याने मानेत अडकवून धरायचं, दलदलीत रुतलेली मेंढी ओढून काढायची, ओढ्याला किती पाणी आहे ते आधी मी उतरून बघायचं. एका उन्हाळ्यात गावच्या जत्रेत मला पहिलं बक्षीस मिळालं. फर्करची बायको इशबेल सगळ्यांदेखत म्हणाली, "काठीला मिळालं बक्षीस. आता नवऱ्याला कधी मिळतंय ते बघायचं." फर्कर माझ्या मुठीवर हनुवटी टेकून नुसता हसत उभा राहिला.

आमच्या डोंगरावर कुंपण नव्हतं. आपला डोंगर कुठवर, हे मेंढी कोकराला शिकवायची आणि ते कोकरू मोठं होऊन आपल्या कोकराला. त्यांच्या येण्याजाण्याने पडलेल्या वाटा फिरून फिरून खाली दगडी मेंढवाड्याशीच यायच्या. म्हणून आमच्या खोऱ्यात लहान मुलांनाही सांगत, धुक्यात सापडलास तर मेंढीची वाट धर, घरी येशील. ते खरं होतं. डोंगरावर मेंढ्या होत्या तोवर खरं होतं.

फर्कर गेला. कोकरांच्या हंगामात एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच सगळं संपलं. इशबेलने मेंढ्या विकल्या. मला दारामागे उभं केलं, एका बाजूला रबरी बूट, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा. दार उघडलं की मी भिंतीला चेपली जायची आणि दार लागलं की अंधार. बाहेर वारा सुटला की माझ्या अंगात डोंगर जागा व्हायचा, पण काठीला पाय नसतात. कुणीतरी हात लावावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. इशबेल रोज माझ्याजवळून बूट उचलायची आणि मला टाळायची.

त्याच काळात इशबेल खोऱ्यात एका गोष्टीसाठी बदनाम झाली. आमच्याकडे रस्ता एका गाडीपुरताच असतो. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला घ्यायची जागा असते आणि तिथे खांबावर पांढरी पाटी असते. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ, त्याने मुकाट्याने मागे घ्यायचं आणि दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. या रिवाजावर आमचं खोरं चालतं. इशबेल मात्र मागे घेईना. मागच्या पाटीपर्यंत दोन हात अंतर असलं तरी ती स्टिअरिंग धरून ढिम्म बसायची. लोक चिडले, मग थकले आणि तिची गाडी दिसली की आपणच मागे घेऊ लागले.

एकदा ग्लासगोहून प्रवासी घेऊन आलेली एक मोठी बस तिच्या समोर आली. ड्रायव्हर खाली उतरला. ही हकीकत मी पुढे दारामागून पुष्कळदा ऐकली, कारण तो ती पुन्हा पुन्हा सांगायचा आणि स्वतःच जास्त हसायचा.

"बाई, पाटी तुमच्या मागेच आहे. जरा मागे घेता का?"

"मी कुणासाठी मागे घेत नाही."

"बरं. मग चहा तरी देता का? कारण मला वळणावरून पाऊण मैल उलटं जायचंय आणि या लोकांना वाटणार, मी वेडा झालो."

त्याने खरोखर तेवढी बस उलटी नेली. त्याचं नाव वॉटी. नोकरी सुटल्यावर त्याने आमच्याच खोऱ्यात एक लहानसं घर भाड्याने घेतलं आणि आठवड्यातून एकदोनदा चहाला येऊ लागला. तो आला की घरात हसू ऐकू यायचं. मित्रांनो, खरं सांगते, मला तो मुळीच आवडला नाही. एक तर तो फर्करच्या खुर्चीत बसायचा. वर त्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या होत्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या. जी स्वतःच मिटते, ती आधार कुणाला देणार?

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी इशबेलने अचानक माझ्या मुठीला हात घातला. किती वर्षांनी. "चल ड्रायव्हर," ती वॉटीला म्हणाली, "तुला बेन लीआ दाखवते. माणूस पारखायचा तर डोंगरावर न्यावा."

वॉटीने खिडकीबाहेर पाहिलं. "या असल्या पावसात?"

"पाऊस कुठाय? थोडी ओल आहे."

आमच्याकडे आकाश फाटलं तरी त्याला थोडी ओल म्हणतात. दुपारपर्यंत ती ओल आडवी मारू लागली. वॉटीची एक ॲल्युमिनियमची काठी दलदलीत गेली ती गेलीच. दुसरी वाऱ्याने वाकली. मी मनातल्या मनात हसले, पण फार वेळ नाही. माथ्याजवळच्या धारेवर ढग असा खाली आला की इशबेलला स्वतःचे बूट दिसेनात.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. तिने माझ्या टोकाने गवत चाचपलं आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "ही बघ, मेंढीची वाट. सरळ मेंढवाड्यात नेईल."

माझं टोक त्या वाटेला टेकलं आणि मला धडकी भरली. ती मेंढीची वाट नव्हती. कडेच्या झुडपाला लोकरीचा एक धागा नव्हता. चिखलातले खूर लांबट आणि मोठे होते. डोंगरावर आता मेंढी होतीच कुठे? इशबेलने स्वतःच तर त्या विकल्या होत्या. मेंढ्या गेल्या आणि हरणं उतरली. हरणाला घरी जायचं नसतं. कड्याच्या पोटात कोवळं गवत असतं, तिकडे ते जातं आणि चार पायांवर उडी मारून वर निघतं. मला हे सगळं कळत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. तिच्या मुठीत मी घट्ट होते आणि दारामागे होते तेवढीच कैदेत होते.

वाट कड्याच्या अंगाने उतरू लागली. एकीकडे भिंत, दुसरीकडे नुसतं पांढरं. एका ठिकाणी छातीएवढी पायरी होती, ओल्या गुळगुळीत खडकाची. इशबेल घसरत खाली उतरली. वॉटी वरच थांबला. ती चार पावलं पुढे गेली, माझं टोक पुढे टेकवायला गेली आणि मी हवेत लोंबकळले. वाट तिथेच संपली होती.

"काय झालं?" वरून वॉटी.

"काही नाही. धुकं उठलं की पुढची वाट दिसेल."

धुकं उठलं नाही. पावसात बर्फाची कणी मिसळली. ती जागा इतकी अरुंद होती की पाठीवरच्या पिशवीसकट तिला वळताही येईना. वॉटी दर थोड्या वेळाने विचारायचा, "कशी आहेस?" आणि ती म्हणायची, "बरी आहे." हळूहळू तिचे शब्द जड होऊ लागले. तिचा हात माझ्या मुठीवर होता, पण त्या हाताला मी लागत नव्हते. शिंगाला थंडी कळत नाही. मला तिची थंडी कळली. ती तिथेच उभी राहिली असती, तर अंधार पडण्याआधी तिचे गुडघे मुडपले असते.

"इशबेल," वॉटी म्हणाला, "मागे घे."

"पुढे वाट आहे."

"पुढे काही नाही. मी तीस वर्षं बस चालवली, रस्ता संपलेला मला आवाजावरून कळतो. मागे घे."

 ती इतक्या हळू बोलली की ते बहुतेक मलाच सांगत होती. "फर्करला घेऊन निघाले ना, त्या दिवशी मी सगळ्यांसाठी मागे घेतलं. दुधाची गाडी आली, घेतलं. पाहुण्यांच्या गाड्या आल्या, घेतलं. सगळे हात वर करून आभार मानत होते, आणि तो माझ्या शेजारी जात होता."

वॉटीने वरून वाकून ते ऐकलं.

"त्यामुळे तो गेला, असं वाटतं तुला?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलं, नसता वाचला. कळतं मला. पण मागे घ्यायचं म्हटलं की पाय ब्रेकवरून उठत नाही."

"बरं. मग तुझा पाय माझ्याकडे दे. तू बस आहेस आणि मी मागे उभा आहे. आरशात बघू नकोस, माझं ऐक. डावा पाय मागे. येऊ दे. येऊ दे. अजून. थांब. आता उजवा."

ती हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इशबेल मॅक्रेने मागे घेतलं. भिंतीला पाठ घासत, बोटभर बोटभर, त्या आवाजाच्या दिशेने. पायरीशी येऊन तिची पिशवी टेकली. आता वर चढायचं, तेही उलटं, आणि खडकावर पाय ठरेना.

"काठी दे मागे," वॉटी म्हणाला. तो पालथा पडला, हात खाली सोडला आणि पायरीच्या पोटातल्या फटीत त्याने मला टोकाकडून खुपसलं. मग दगडाने ठोकलं. माझं अंग सोललं गेलं. मी आत आत गेले आणि गच्च बसले. "आता तिच्यावर पाय दे. मी पिशवीचे पट्टे धरतो."

"फर्करची आहे ती. तिच्यावर पाय देऊ?"

दे, मी म्हणत होते. त्याने मला वाळवलं, वाकवलं, ते कशासाठी? दे पाय. तिने पाय दिला. तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं आणि मी कण्हले, पण वाकले नाही. तिचा बूट सरकला तो माझ्या शिंगाच्या मुठीला अडकला आणि थांबला. पुढच्या क्षणी ती वर होती आणि दोघंही चिखलात बसून धापा टाकत होती. वॉटीने खिशातून टॅब्लेट नावाची आमच्याकडची साखरेची वडी काढून तिच्या तोंडात घातली.

मग तो मला ओढू लागला. मी निघेना. त्याने पुन्हा जोर केला, त्याची बोटं फाटली. "काढतो मी," तो म्हणत राहिला. "फर्करची आहे. काढतो."

इशबेलने वाकून माझ्या मुठीवर हात ठेवला. आता तो हात मला लागला. "राहू दे तिला," ती म्हणाली. "चल वॉटी." त्या दिवशी तिने त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली. आल्या वाटेने दोघं परत गेली. त्यांचे आवाज बारीक होत गेले आणि मी एकटी उरले.

मी रडले, मित्रांनो. दारामागे निदान छप्पर होतं. ती घरी पोहोचली की नाही, हेही मला कळेना. बर्फ आलं, गेलं. उन्हाळ्यातल्या एका स्वच्छ दिवशी वर धारेवरून हाक आली, "ए काठी! मी हल्ली मागे घेते बरं का!" पाठोपाठ वॉटीचा आवाज, "खोटं सांगू नकोस तिला. फक्त माझ्यासाठी घेते." दोघं खूप हसली आणि गेली. दर वर्षी येतात. आता ती माथ्यापर्यंत येत नाहीत, खालून हाक मारतात.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला सांभाळा, आम्हाला विसरू नका. मी वेगळं मागणार आहे. मला सोडवायला कुणी येऊ नका. घरच्या काठ्या दारामागे कोंडून ठेवू नका, त्यांना चिखल लागू द्या, एवढं केलंत तरी मला पुष्कळ झालं. आणि कधी धुक्यात हरणाच्या वाटेने उतरताना तुमच्या हाताला शिंगाची एक मूठ लागली, तर समजा, तुम्ही वाट चुकलात. लाजू नका. माझ्यावर पाय द्या आणि मागे घ्या.