तावेलूची प्रत

तावेलू या छोट्या बेटदेशाचं डिजिटल धोरण अमेरिकेतल्या अल्फारेटा शहरात एका कन्सल्टिंग कंपनीत लिहिलं जात होतं. मसुदा देवयानी साबळेचा होता. ती मूळची नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली. शेवटच्या वाचनासाठी तावेलूच्या डिजिटल खात्याच्या सचिव लोसा तौफा स्वतः आल्या होत्या.

सकाळपासून त्या एकाच कलमावर अडून बसल्या होत्या. देशाच्या सगळ्या नोंदी अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवायच्या, बेटावर प्रत ठेवायची नाही, असं ते कलम.

"समुद्राखालची इंटरनेटची केबल तुटली तर?" लोसांनी विचारलं.

"दुसरी केबल येतेय. बेटावर सर्व्हर ठेवायचा तर वीज, माणसं, सगळंच लागतं," सत्यजित म्हणाला. तो देवयानीचा मॅनेजर, पुण्याचा. बेटावर प्रत हवी असं देवयानीचंही मत होतं, पण ते त्यानं आधीच्या मीटिंगमध्येच बाजूला सारलं होतं.

तेवढ्यात लोसांचा फोन वाजला. दोन दिवस तावेलूवर वादळ घोंघावत होतं आणि सकाळपासून घरच्यांचा फोन लागत नव्हता. त्यांनी घाईनं स्पीकर लावला.

"लोसा? मी डॉक्टर सेमी, हॉस्पिटलमधून." सॅटेलाइट फोनवरून आवाज तुटत तुटत येत होता. "केबल गेलीय. एका मुलीच्या अंगावर शाळेची भिंत पडली. पाय वाचवायचा तर आत्ता ऑपरेशन करायला हवं. मागच्या ऑपरेशनला भूल देताना दिलेल्या एका औषधानं ती मरता मरता वाचली, असं तिची आई सांगतेय. औषधाचं नाव तिला माहीत नाही. तेव्हाचे डॉक्टर देश सोडून गेले. आणि फाइल तुमच्याकडे आहे!"

हॉस्पिटलच्या नोंदी प्रयोग म्हणून आधीच अमेरिकेत हलवल्या होत्या. बेटावर आता पडद्यावर नुसतं लोडिंगचं चक्र फिरत होतं.

देवयानीचा लॅपटॉप समोर उघडाच होता. चाचणीसाठी तिला सिस्टिमचा ॲक्सेस होता. पण खऱ्या पेशंटची फाइल उघडायची तर आरोग्यमंत्र्यांची लेखी परवानगी लागायची.

"मी परवानगी देते," लोसा म्हणाल्या.

"मॅडम, ते तुमचं खातं नाही," सत्यजित म्हणाला आणि देवयानीकडे वळून मराठीत बोलू लागला. "थांब. मी कंपनीच्या लीगल खात्याला फोन लावतो. हात लावू नकोस."

"सत्यजित, ती मुलगी टेबलवर आहे."

"कळतंय मला! पण नोकरी गेली तर व्हिसाचं काय? कंपनी तुझ्यामागे उभी राहणार नाही यार."

लीगलनं फोन होल्डवर टाकला. खोलीत होल्डची संथ धून वाजू लागली. पलीकडून डॉक्टर सेमी ओरडले, "फोनची बॅटरी संपत आलीय! कुणी आहे का?"

ईशाननं, देवयानीच्या नवऱ्यानं, गेल्याच महिन्यात घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. तिनं लॅपटॉप ओढून घेतला.

"मुलीचं नाव सांगा."

"मेले वाइना."

पडद्यावर दोन मेले वाइना आल्या. चुकीची फाइल वाचली तर न वाचण्यापेक्षाही वाईट.

"दोघी आहेत! आईचं नाव?"

पलीकडे वाऱ्याची शिट्टी, कुणाचं तरी रडणं, आणि मग, "अना! अना वाइना!"

"मिळाली. सक्सिनिलकोलीन देऊ नका. ऐकताय ना? सक्सिनिलकोलीन…"

लाइन तुटली.

लोसांनी पुन्हा पुन्हा फोन लावला. नाही लागला. लीगलची बाई होल्डवरून परत आली आणि "नेमका प्रश्न काय आहे?" असं विचारू लागली. सत्यजितनं फोन बंद केला.

दुपारी कंपनीनं देवयानीकडून लॅपटॉप आणि बॅज काढून घेतले. घरी आल्यावर तिनं ईशानला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना ऐकू गेलं असेल का गं?"

"माहीत नाही."

ते दिवस फार वाईट गेले. नोकरीपेक्षा तो एक शब्दच तिला जास्त छळत होता. जेवताना, गाडी चालवताना ती तो मनातल्या मनात पुन्हा उच्चारायची.

केबल जोडली गेली त्या दिवशी लोसांचा फोन आला.

"सेमींना 'सक्सि' एवढंच ऐकू आलं. घातक औषध कोणतं ते कळायला तेवढं पुरलं. त्यांनी दुसरं औषध दिलं."

देवयानी किचनच्या फरशीवर खाली बसली आणि हुंदके देत रडली.

कंपनीनं चौकशी केली. सत्यजितनं खरं तेच सांगितलं: मी तिला अडवलं, लोसांनी तोंडी परवानगी दिली होती, आणि तिच्या जागी मी असतो तर माझा धीर झाला नसता. तरी देवयानीची नोकरी गेलीच. बऱ्याच धावपळीनंतर पार्सिपनी शहरातल्या एका विमा कंपनीनं तिला नोकरी दिली आणि तिचा व्हिसा आपल्याकडे घेतला. पगार कमी, शहर नवं. घर विकावं लागलं.

लोसांनी जुन्या मसुद्यावर सही केली नाही. तावेलूच्या मंत्रिमंडळानं जे धोरण मंजूर केलं त्यात दोन गोष्टी नव्या होत्या: सगळ्या नोंदींची एक प्रत बेटावरच राहील, आणि जीव धोक्यात असेल तर ड्युटीवरचा डॉक्टर कुणालाही न विचारता फाइल उघडेल. लोसांनी ती कलमं फोनवर वाचून दाखवली तेव्हा देवयानीच्या घरात सामानाचे खोके भरणं चाललं होतं.

"आणि मेले?" तिनं विचारलं.

"कुबड्या घेऊन शाळेत जाते. भयंकर चिडकी झालीय. भिंत बांधणाऱ्या गवंड्याला रोज जाऊन सूचना देते."

देवयानी हसली. बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला आणि ईशाननं सोफ्याचं एक टोक धरायला तिला हाक मारली.